हरकत आणि उत्तर



वर्तमानपत्राच्या आतल्या पानावर, निविदांच्या आणि नावबदलाच्या जाहिरातींच्या शेजारी, बारीक टायपात एक जाहीर सूचना छापून येते. अमुक तालुक्यातल्या अमुक गावांच्या हद्दीत अमुक प्रकल्प प्रस्तावित आहे, अहवालाचा गोषवारा जिल्हाधिकारी कार्यालयात पाहावयास मिळेल, हरकती व सूचना असल्यास तीस दिवसांच्या आत लेखी कळवाव्यात. आपल्यापैकी बहुतेकांची नजर अशा सूचनेवरून सरकून जाते. ज्यांचे शेत, घर, दुकान किंवा मासेमारीचा किनारा त्या हद्दीत येतो ते मात्र ती कुणाकडून तरी वाचून घेतात, अर्ज लिहितात, कचेरीत नेऊन देतात आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्क्यानिशी पोच घेतात. पोच मिळाल्यानंतर त्या अर्जाचे काय होते, हा माझ्या आजच्या व्याख्यानाचा विषय आहे.

प्रकल्पाने लोकांशी संवाद ठेवला पाहिजे, हे आता सगळेच म्हणतात. मोठ्या प्रकल्पांच्या अंदाजपत्रकात त्यासाठी तरतूद असते. जनसंपर्क अधिकारी असतात, रंगीत माहितीपत्रके निघतात, चित्रफिती दाखवल्या जातात, मेळावे भरतात. या सगळ्याने प्रकल्पाची बाजू लोकांपर्यंत पोहोचते, आणि ती पोहोचायलाच हवी. पण लोकांची बाजू प्रकल्पात शिरली का, हे माहितीपत्रकांच्या प्रतींवरून किंवा मेळाव्याच्या गर्दीवरून कळत नाही. ते कळते हरकतीच्या उत्तरावरून. उत्तर लेखी आणि कारणांसह मिळाले का, निर्णय होण्याआधी मिळाले का, आणि निर्णय बदलण्याचा अधिकार ज्याच्या हाती आहे त्याने ते दिले का, एवढे तपासले म्हणजे त्या प्रकल्पातला संवाद खरा की देखाव्याचा, हे ओळखता येते. आपल्याकडच्या प्रकल्पांचा शंभर वर्षांचा इतिहास या कसोटीवर तपासून पाहावा, असे मी योजले आहे.

सुरुवात मुळशीपासून करावी लागते. मुळा आणि निळा नद्यांच्या खोऱ्यात टाटांच्या कंपनीने धरण बांधायचे ठरवले, कारण मुंबईच्या गिरण्यांना आणि रेल्वेला वीज हवी होती. पन्नासच्या आसपास गावे बाधित होणार होती. जमिनी रीतसर ताब्यात येण्याआधीच, मालकांना न विचारता, मावळात खोदाई सुरू झाली होती. त्यातून 16 एप्रिल 1921 रोजी, रामनवमीच्या दिवशी, सत्याग्रह उभा राहिला आणि पुढे सेनापती बापटांचे नाव त्याच्याशी कायमचे जोडले गेले. राजेंद्र व्होरा यांनी या लढ्याचा जो अभ्यास केला आहे, त्यातली एक गोष्ट आपल्या विषयाच्या दृष्टीने फार महत्त्वाची आहे. मावळातल्या बऱ्याच जमिनींवर पुण्यातल्या सावकारांचा आणि जमीनदारांचा हक्क होता. त्यांचा प्रश्न मोबदला किती, हा होता. जमीन कसणाऱ्या मावळ्यांचा प्रश्न जमीन जाणार की राहणार, हा होता. दोघेही ‘मुळशीकर’ म्हणून मोजले जात होते, पण एकाशी झालेली बोलणी दुसऱ्याच्या उपयोगाची नव्हती. आणि बोलणी झाली ती मोबदल्याची. धरणाचे काम चालू राहिले आणि जमिनी पाण्याखाली गेल्या.

त्या वेळचा कायदाही तसाच होता. 1894 च्या भूसंपादन कायद्यात मूळ तरतूद एवढीच की सरकारने अधिसूचना काढावी, सार्वजनिक प्रयोजन जाहीर करावे आणि मग ‘हितसंबंधित’ व्यक्तींना नोटीस देऊन त्यांचे मोबदल्याचे दावे ऐकावेत. जमीन घ्यावीच का, याबद्दल हरकत ऐकण्याची सोय त्यात नव्हती. ती पाच-अ हे कलम घालून 1923 मध्ये आली, म्हणजे मुळशीचा लढा अखेरच्या टप्प्यात असताना. त्यानंतरही जवळजवळ नव्वद वर्षे ज्याचे नाव सातबाऱ्यावर नाही तो माणूस या कायद्याच्या नजरेला जवळपास दिसतच नव्हता. शेतमजूर, गावातला सुतार, लोहार, किनाऱ्यावरचा मच्छीमार यांचे पोट त्या जमिनीवर किंवा पाण्यावर भरत असले, तरी त्यांच्या हरकतीला धड पत्ताच नव्हता. 2013 च्या कायद्याने बाधित कुटुंबाची व्याख्या रुंदावली. आधीची तीन वर्षे त्या जमिनीवर उपजीविका करणारे भूमिहीन, कुळे आणि कारागीर तिच्यात आले. सामाजिक परिणामांचे मूल्यमापन सक्तीचे झाले. खाजगी कंपनीसाठी 80 टक्के आणि सरकारी-खाजगी भागीदारीसाठी 70 टक्के बाधित कुटुंबांची संमती लागेल, असे ठरले. पुढे महाराष्ट्रासह काही राज्यांनी आपापल्या दुरुस्त्या करून ठरावीक प्रकल्पांना यातल्या काही अटींतून वगळले. प्रकल्पाचा लोकांशी होणारा व्यवहार कुणाला मोजायचे इथपासून सुरू होतो, आणि मोजणी चुकली की पुढची सगळी पत्रे चुकीच्या पत्त्यावर जातात.

हे जैतापूरला झाले. रत्नागिरी जिल्ह्यातल्या राजापूर तालुक्यात 9,900 मेगावॉटचा अणुऊर्जा प्रकल्प ठरला. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली आणि वरीलवाडा या गावांची मिळून सुमारे 938 हेक्टर जमीन त्यात गेली. सुरुवातीला देऊ केलेले मोबदल्याचे धनादेश बहुसंख्य खातेदारांनी घेतले नाहीत. 16 मे 2010 रोजी पर्यावरणविषयक जनसुनावणी झाली. मूळ अहवाल इंग्रजीत होता, मराठी प्रत वेळेत हाती आली नाही, ही गावकऱ्यांची पहिलीच तक्रार होती. शिवाय साखरी नाटे इथल्या मच्छीमारांची जमीन जात नव्हती, त्यामुळे भूसंपादनाच्या कागदांत ते नव्हतेच. त्यांना काळजी होती समुद्रात परत सोडल्या जाणाऱ्या गरम पाण्याची आणि बंदोबस्तामुळे नाट्याच्या खाडीतून होड्यांची ये-जा अडेल याची. मासळीच्या हंगामाशी आणि रोजच्या वाटेशी बांधलेले हे प्रश्न होते. मोबदल्याच्या दराने त्यांचे उत्तर होणार नव्हते. 28 नोव्हेंबर 2010 रोजी 35 अटींसह पर्यावरण मंजुरी मिळाली आणि पुढच्याच आठवड्यात फ्रान्सचे अध्यक्ष भारतात आले, करार झाले. मंजुरीची तारीख आधी ठरली आणि हरकतींचा विचार तिच्या बेताने उरकला, अशी गावकऱ्यांची समजूत झाली असेल तर त्यांना दोष देता येत नाही. एप्रिल 2011 मध्ये आंदोलनावर गोळीबार झाला आणि त्यात एकाचा जीव गेला. 2013 मध्ये मोबदला हेक्टरी साडेबावीस लाखांवर नेला गेला आणि अनेक खातेदारांनी तो घेतला. साखरी नाट्याच्या प्रश्नाला या वाढीव दरात काहीच जागा नव्हती.

जनसुनावणीची पद्धत वाईट आहे, असे मी म्हणत नाही. कागदावर ती बरीच नीट आहे. 2006 च्या पर्यावरण अधिसूचनेनुसार सुनावणी राज्य प्रदूषण नियंत्रण मंडळाने घ्यायची, अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अतिरिक्त जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असायचा, संपूर्ण कामकाजाचे चित्रीकरण करायचे, लोकांनी मांडलेले मुद्दे आणि त्यावर प्रकल्पवाल्यांचे म्हणणे यांचे टिपण स्थानिक भाषेतही तयार करून इतिवृत्ताला जोडायचे. मग उणीव कुठे राहते? अध्यक्षस्थानी बसलेल्या अधिकाऱ्याला प्रकल्प बदलण्याचा अधिकार नसतो. उत्तर देतो तो ज्याच्याविरुद्ध हरकत आहे तोच प्रकल्पवाला. ज्या दिल्लीच्या समितीने हरकत आणि उत्तर दोन्ही तोलायचे, तिच्यासमोर हरकत घेणारा नसतो. त्यामुळे ‘सर्व नियमांचे पालन केले जाईल’, ‘योग्य ती काळजी घेण्यात येईल’ अशी वाक्ये उत्तर म्हणून खपतात. या वाक्यांत कर्ता नाही, तारीख नाही, रक्कम नाही. माडबनचा शेतकरी असो की पेणचा, अशा वाक्याला तो उत्तर मानत नाही, आणि माझ्या मते त्याचे बरोबर आहे.

न्यायालयानेही एकदा हेच सांगितले. गोव्यातल्या मोपा विमानतळाला दिलेली पर्यावरण मंजुरी 29 मार्च 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने स्थगित केली. अर्जात माहिती दडवली गेली होती, हजारो झाडांचा उल्लेख योग्य ठिकाणी नव्हता. शिवाय तज्ज्ञ समितीने जनसुनावणीत आलेल्या हरकतींचा कारणांसह विचार केल्याचे दिसत नाही, हा आक्षेप निकालात ठळकपणे आहे. समितीने पुन्हा विचार केला, आणखी अटी घातल्या आणि 16 जानेवारी 2020 रोजी स्थगिती उठली. विमानतळ पुढे झालाही. जवळजवळ दहा महिने काम थांबले. जे कारणांसह उत्तर 2015 च्या सुनावणीनंतर द्यायला हवे होते, ते न दिल्याची किंमतही त्या खोळंब्यात होती.

उत्तर देण्याची रीत आपल्याकडे अस्तित्वातच नाही, असेही नाही. ती विजेच्या क्षेत्रात आहे आणि तिच्याकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही. महाराष्ट्र वीज नियामक आयोग 1999 मध्ये स्थापन झाला. वीजदर ठरवण्याआधी लोकांच्या सूचना-हरकती विचारात घेणे आयोगाला कायद्याने बंधनकारक आहे. 2003 च्या वीज कायद्याच्या 64 व्या कलमात तसे स्पष्ट लिहिले आहे. दरवाढीचा प्रस्ताव येतो, सूचना मराठी वर्तमानपत्रांत येते, विभागवार सुनावण्या होतात. आणि मग आयोगाचा जो आदेश निघतो त्यात मुद्दावार तीन गोष्टी छापलेल्या असतात: हरकत काय होती, वीज कंपनीचे उत्तर काय, आणि त्यावर आयोगाचा निर्णय काय. इचलकरंजीचा यंत्रमागधारक असो वा घरगुती ग्राहक, आपला मुद्दा मान्य झाला की फेटाळला आणि का, हे त्याला पान उघडून पाहता येते. पटले नाही तर अपील करता येते, कारण अपील करायला कारण हाती असते. पुण्याच्या ‘प्रयास’ या गटाने सुरुवातीच्या सुनावण्यांत शेतीपंपांच्या वापराचे आकडे उकलून दाखवले. वीजमंडळ शेतीच्या खात्यावर जेवढी वीज मांडत होते तेवढी शेतीत जात नव्हती. तिचा मोठा हिस्सा गळती आणि चोरीचा होता. पुढच्या आदेशांत गळतीचा आकडा वाढवून धरावा लागला आणि वीजमंडळाच्या कारभाराबद्दलची सगळी चर्चाच बदलली. ही सुनावणीही निर्दोष नाही. सामान्य ग्राहकाला ती अवघड वाटते, आदेश शेकडो पानांचे असतात. तरीही हरकतीची नोंद, तिचे उत्तर आणि निर्णय यांची जी साखळी तिथे आहे, ती धरणाच्या, रस्त्याच्या आणि बंदराच्या कामांत का नसावी, याला मला समाधानकारक कारण सापडत नाही.

एकाच प्रकल्पात दोन्ही प्रकार शेजारी-शेजारी पाहायचे असतील तर मुंबईकडे पाहावे. मुंबई नागरी परिवहन प्रकल्पाला जागतिक बँकेने जून 2002 मध्ये कर्ज मंजूर केले. लोकल गाड्यांचे मार्ग वाढवायचे आणि पूर्व-पश्चिम जोडणारे रस्ते बांधायचे, असे त्याचे दोन मुख्य भाग. रुळांना अगदी खेटून हजारो झोपड्या होत्या. गाड्यांचा वेग तिथे अतिशय कमी करावा लागे आणि रूळ ओलांडताना माणसे मरत. या झोपड्या हलवण्याचे काम प्रकल्पाची तयारी चालू असतानाच, 2000 च्या आगेमागे, सुरू झाले. त्यात झोपडपट्टीवासीयांचा महासंघ, ‘महिला मिलन’ आणि ‘स्पार्क’ ही संस्था होती. गणना वस्तीतल्या लोकांनीच केली. दारावर खडूने क्रमांक घातले, गल्लीचा हाताने नकाशा काढला, कुटुंबांची यादी तयार झाली आणि ती वस्तीत सगळ्यांसमोर वाचून दाखवली गेली. ‘हे नाव राहिले’, ‘हा माणूस इथे राहतच नाही’, ‘हे एक घर नाही, दोन चुली आहेत’, अशा हरकती तिथेच आल्या आणि यादी तिथेच दुरुस्त झाली. शेजारी राहणाऱ्या सुमारे पन्नास-पन्नास कुटुंबांचे गट झाले, म्हणजे नव्या इमारतीतही शेजार टिकावा. मध्येच फेब्रुवारी 2000 मध्ये रेल्वेने बऱ्याच झोपड्या पाडल्या आणि विश्वासाला तडा गेला. तरी एकूण साठ हजारांच्या आसपास माणसे मोठ्या बळजबरीशिवाय रुळांपासून हलली. मुंबईसारख्या शहरात ही साधी गोष्ट नव्हे.

रस्त्यांच्या भागात वेगळे घडले. सांताक्रूझ-चेंबूर जोडरस्त्याच्या रेषेत कुर्ल्यातली दुकाने होती. त्यांत लहान टपऱ्या होत्या, तशीच मोठी दुकाने आणि कारखानेही होते. पुनर्वसनाचा आराखडा मुख्यतः घरांचा विचार करून बेतलेला होता. जागा बदलली की दुकानदाराचे गिऱ्हाईक तुटते, वर्षानुवर्षांची उधारी बुडते, कामगार सुटतात. मोठ्या दुकानालाही ठरावीक लहान गाळा देऊ केला जात होता. बाधितांची संख्याही आधी 80,000 धरली होती, ती नंतर 1,20,000 निघाली. दुकानदारांनी स्थानिक कचेऱ्यांत अर्ज केले. समाधान झाले नाही तेव्हा 2004 मध्ये त्यांनी थेट जागतिक बँकेच्या तपासणी मंडळाकडे तक्रार नेली. मंडळाने दाखवलेल्या उणिवा वाचण्यासारख्या आहेत. माहिती अपुरी दिली गेली, उत्पन्नाच्या नुकसानीचा विचार झाला नाही, आणि तक्रार निवारणाची यंत्रणा प्रकल्पापासून स्वतंत्र नव्हती. मार्च 2006 मध्ये बँकेने रस्ते आणि पुनर्वसनाच्या भागाचा निधी रोखला. चारएक महिन्यांनी, सुधारणा मान्य झाल्यावर, तो पुन्हा सुरू झाला. साडेसहा किलोमीटरच्या आतला तो जोडरस्ता 2003 च्या सुमारास सुरू होऊन एप्रिल 2014 मध्ये खुला झाला. विलंबाची कारणे अनेक होती आणि रेल्वेवरच्या पुलाचे काम त्यातले एक मोठे. पण कुर्ल्याच्या दुकानदाराला वेळेवर उत्तर मिळाले असते, तर निदान एक कारण कमी झाले असते.

रुळांच्या बाजूचे उदाहरण आदर्श म्हणून मिरवावे, असे मी सुचवत नाही. गणना करणारी, लोकांच्या वतीने बोलणारी आणि पुनर्वसनाला हातभार लावणारी संस्था एकच असावी का, हा प्रश्न तेव्हाही विचारला गेला आणि तपासणी मंडळाने संस्थांवर अति विसंबून राहण्यावर बोट ठेवले. आणखी एक गोष्ट अधिक जाचणारी आहे. गोवंडी-मानखुर्दकडच्या लल्लूभाई कंपाउंड आणि नटवर पारेख संकुलासारख्या पुनर्वसन वसाहतींत इमारती इतक्या खेटून आहेत की खालच्या मजल्यांवर ऊन-वारा जेमतेम पोहोचतो. 2018 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत तिथल्या क्षयरोगाचा संबंध या रचनेशी जोडला गेला. कुटुंबांची यादी वाचून दाखवली गेली, इमारतीचा नकाशा मात्र त्याच तपशिलाने वाचून दाखवला गेला नाही. किल्ली हातात पडली की प्रकल्पाचे लोकांशी बोलणे संपते. लोकांचे प्रश्न मात्र खरे तिथून सुरू होतात.

आता आक्षेपांकडे वळतो. ते हलके नाहीत आणि मांडणारे बहुधा प्रामाणिक असतात. पहिला आक्षेप वेळेचा. प्रत्येक हरकतीला कारणांसह उत्तर देत बसलो तर कामे कधी होणार, असे अभियंते विचारतात. एका पुलाचा खर्च वर्षागणिक वाढताना पाहणाऱ्या माणसाची ही कळकळ मी समजू शकतो. पण जैतापूरची सुनावणी ते मंजुरी हा प्रवास साडेसहा महिन्यांत संपला आणि प्रत्यक्ष अणुभट्ट्यांचे बांधकाम त्यानंतर वर्षानुवर्षे सुरू झाले नाही. त्यात फ्रेंच कंपनीच्या आर्थिक अडचणी, विजेचा दर आणि अपघाताच्या भरपाईचा कायदा यांचा वाटा मोठा आहे. सगळे खापर संवादावर फोडणे चुकीचे ठरेल. माझा मुद्दा इतकाच की सुनावणी लवकर उरकल्याने काम लवकर होते, या समजुतीला पुरावा नाही. वाचवलेले महिने पुढे न्यायालयात, मोर्चात किंवा रोखलेल्या निधीत खर्ची पडतात, आणि तेव्हा यंत्रे, ठेकेदार आणि व्याज उभेच असते.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे आणि त्याची चर्चा क्वचित उघडपणे होते. प्रकल्पाची आखणी आधीच जाहीर केली तर जमिनीचे दलाल धावतात, भाव चढतात, खोटे दावेदार उभे राहतात, म्हणून शेवटपर्यंत गुप्तता हवी, असे अधिकारी सांगतात. दलाल धावतात, हे खरेच आहे. महामार्गाची, विमानतळाची किंवा रिफायनरीची कुणकुण लागताच बाहेरच्यांनी जमिनी घेतल्याच्या तक्रारी महाराष्ट्राला नव्या नाहीत. पण कुणकुण लागते कुणाला? ज्याची मंत्रालयात ऊठबस आहे त्याला. गुप्तता वरच्या बाजूला गळते आणि खालच्या बाजूला टिकते. तिच्यामुळे अंधारात राहतो तो सात-बाऱ्याचा मालक, जो बाजारभावाने जमीन विकून मोकळा होतो आणि सहा महिन्यांनी त्याच जमिनीचा पाचपट मोबदला दुसऱ्याला मिळताना पाहतो. यावर उपाय आखणी जाहीर करताच खरेदी-विक्रीवर कायदेशीर बंधन घालणे आणि गणनेची तारीख गोठवणे हा आहे. खोट्या दावेदारांचे म्हणाल, तर वस्तीत मोठ्याने वाचलेली यादी त्यांना जितक्या लवकर उघडे पाडते तितके कचेरीतले बंद कपाट पाडत नाही. शेजाऱ्याला सगळे ठाऊक असते. एन्रॉन कंपनीच्या वीज प्रकल्पाच्या वेळी वीज खरेदी कराराबाबत पाळलेली गुप्तता व्यापारी हिताची म्हणून समर्थिली गेली होती. 2001 मध्ये माधव गोडबोले समितीने त्या व्यवहाराची जी चिरफाड केली, ती वाचल्यावर गुप्ततेने सरकारी तिजोरीचे रक्षण होते, असे म्हणणे अवघड जाते.

लोकांना तांत्रिक गोष्टी कळत नाहीत, हा तिसरा आक्षेप. भूकंपरोधक पाया किती खोल हवा, हे गावसभेने ठरवू नये, हे उघड आहे. पण शेतीपंपांच्या आकड्यांची उकल आपल्याच राज्यातल्या नागरिकांच्या एका गटाने केली, ती वीजमंडळाच्या तज्ज्ञांना करता येत नव्हती असे नाही, करायची नव्हती. आणि साखरी नाट्याचा मच्छीमार अणुभट्टीबद्दल अजाण असला तरी कोणत्या महिन्यात कोणती मासळी कुठे येते, हे त्याच्याइतके कोणत्याही अहवालाला माहीत नसते. बाहेरचे लोक येऊन चिथावतात, असेही म्हटले जाते. येतात. जिथे कचेरीने उत्तर दिलेले नसते तिथे त्यांना मैदान मोकळे मिळते.

उरला शेवटचा आणि सर्वांत कठीण प्रश्न: काही माणसे काहीही केले तरी मान्य करणार नाहीत, त्यांचे काय? माझे उत्तर असे की हरकतीला उत्तर देणे आणि हरकत मान्य करणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘तुमची मागणी फेटाळली, कारण पर्यायी मार्गावर एवढी घरे जातात’ असे स्पष्ट उत्तर मिळालेला माणूस रागावेल, पण त्याला झुंजायला निदान एक कारण मिळते आणि आपल्याला माणसासारखे वागवले, हेही कळते. दुसऱ्या बाजूने, कधीकधी खरे उत्तर ‘प्रकल्प होऊ नये’ असेच असू शकते, याची तयारी ठेवावी लागते. ओडिशातल्या नियमगिरीच्या डोंगरावर बॉक्साइटच्या खाणीबद्दल सर्वोच्च न्यायालयाने 18 एप्रिल 2013 रोजी ग्रामसभांना विचारायला सांगितले. बारा ग्रामसभा झाल्या, बाराही सभांनी नकार दिला आणि खाण झाली नाही. नकार स्वीकारण्याची ताकद नसेल तर विचारण्याचा अर्थ काय उरतो? आपल्याकडे रायगडमधल्या महामुंबई विशेष आर्थिक क्षेत्राबाबत 21 सप्टेंबर 2008 रोजी हेटवणे धरणाच्या लाभक्षेत्रातल्या 22 गावांत मत घेतले गेले. शेतकऱ्यांनी रांगा लावून मत दिले. पुढे भूसंपादन बारगळले, तरी त्या मतांना सरकारकडून जे थेट, स्वच्छ उत्तर मिळायला हवे होते ते मिळाले नाही.

मग करायचे काय, तर नवा कायदा आणण्याची फारशी गरज नाही. गरज आहे ती गावात जाणाऱ्या माणसाच्या हाती काही देण्याची. आज प्रकल्पाच्या वतीने गावात कोण जातो? तलाठी, मंडळ अधिकारी, मोजणीदार, कनिष्ठ अभियंता. लोक जे विचारतात त्यातले बहुतेक त्याला ठाऊक नसते आणि ठाऊक असले तरी सांगण्याचा अधिकार नसतो. तो ‘वर कळवतो’ म्हणून निघून येतो. पुढच्या खेपेला बहुधा दुसराच माणूस येतो, कारण मधल्या काळात बदली झालेली असते. ग्रामपंचायतीच्या फलकावर हरकतींची एक साधी नोंदवही लावता येईल: कुणाची हरकत, कोणत्या तारखेची, उत्तर काय, ते कोणत्या हुद्द्याच्या अधिकाऱ्याने दिले, आणि अजून दिले नसेल तर कधीपर्यंत देणार. ती मराठीत असावी. कोकणी, भिलोरी किंवा गोंडी बोलणाऱ्या पाड्यांवर ती त्यांच्या बोलीत वाचून दाखवावी. अधिकारी बदलला तरी वही बदलू नये. आणि काम पूर्ण झाल्यावर, किल्ल्या वाटून झाल्यावरही, निदान काही वर्षे ती वही उघडी राहावी. याला खर्च किती येईल? एका उद्घाटन समारंभाच्या मांडवाइतकाही नाही.

2005 च्या माहितीच्या अधिकाराच्या कायद्याकडे आपण अर्ज करून माहिती मागण्याचे साधन म्हणून पाहतो. त्याच्या चौथ्या कलमात दोन बाबी अशा आहेत की ज्यांसाठी अर्जही करावा लागू नये. जनतेवर परिणाम करणारे महत्त्वाचे निर्णय जाहीर करताना त्यांच्याशी संबंधित सर्व तथ्ये प्रसिद्ध करणे, आणि प्रशासकीय निर्णयांची कारणे बाधित व्यक्तींना देणे, ही प्रत्येक सार्वजनिक प्राधिकरणाची जबाबदारी आहे. या सभागृहात शासकीय सेवेतले, ठेकेदारीतले, ग्रामपंचायतींतले आणि सहकारी गृहनिर्माण संस्थांतले लोक बसले आहेत. सेवेत असलेल्यांना माझी विनंती आहे की पुढच्या प्रकल्पाच्या फाइलवर ‘हरकती निकाली काढल्या’ असा शेरा मारण्याआधी प्रत्येक हरकतीखाली एक कारण लिहा आणि त्याखाली सही करा. आणि बाकीच्या सर्वांना विनंती अशी की वर्तमानपत्राच्या आतल्या पानावरची ती बारीक टायपातली सूचना वाचा, हरकत लेखी द्या, पोच घ्या, आणि तीस दिवस संपल्यावर कचेरीत जाऊन उत्तर मागा.